बारा मैलांपलीकडचे मामा

दर्यावर होडीत डोळे मिटून पडलो होतो, आणि सगळं पाहिलं असं सांगत सुटलो. मूर्खपणा एवढाच. पण तो मी आमच्या हिच्या मामांसमोर केला, आणि ऐंशीच्या दशकातल्या सबंध अंधेरीत समुद्राच्या हद्दीचं एवढं वेड असलेला दुसरा वकील नव्हता.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैल आपला कायदा. त्यापलीकडे परक्या जहाजावर परका माणूस चरस घेऊन बसला तरी त्याच्यावर इथे खटला चालत नाही, हे मामा बारशाच्या घुगऱ्या खातानाही समजावून सांगत. डॉक्टरांनी विडी बंद केली तेव्हा ते गॅलरीच्या कठड्याबाहेर हात काढून उभे राहत आणि झुरक्यापुरती मान बाहेर नेत. मामी करवादल्या की म्हणत, "विडी हद्दीबाहेर आहे. तुला अधिकार नाही."

"मग जेवणही तिथेच वाढते," मामी म्हणत. पथ्य जेवणालाही होतंच. पण ताटाच्या काठाबाहेर ठेवलेला तळलेला बोंबील मामांच्या मते पथ्यात मोडत नसे.

अशा माणसापुढे मी जेवताना बढाई मारली, की वर्सोव्याच्या मित्राच्या होडीतून गेलो होतो तेव्हा गस्तीवाल्यांनी एक परदेशी जहाज अडवलेलं पाहिलं, किनारा तर दिसतही नव्हता. मामांचा घास हातातच राहिला. त्याच जहाजावर चरससकट पकडलेला परदेशी खलाशी त्यांचा अशील होता. गावी बायको आणि तान्ही मुलगी. जहाज बारा मैलांच्या आत होतं की बाहेर, यावर त्याची सुटका अडलेली.

किनारा दिसत नव्हता म्हणजे जहाज बाहेरच, म्हणून मामांनी मला साक्षीला उभं केलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "किनारा का दिसत नव्हता?"

शपथ घेऊन बसलेलो. म्हटलं, "डोळे मिटले होते. उलट्या होत होत्या."

"आणि जहाज?"

"ते मित्राने सांगितलं."

सगळं कोर्ट हसलं. भाषा न कळणारा खलाशी तेवढा माझ्याकडे आशेने बघत राहिला.

मामा खटला हरले. पुढे त्यांनी वरच्या कोर्टात खलाशाला सोडवलं, कारण जहाज हद्दीत होतं हे सरकारलाही सिद्ध करता आलं नाही; पण तोवर त्याची मुलगी चालायला लागली होती. मामा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोंबील मात्र माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर सरकवू लागले.

आता मामा नाहीत. परवा त्या गॅलरीत विडीने डागाळलेल्या कठड्याशी उभा राहून दूरची समुद्राची पट्टी न्याहाळत होतो. मामी चहा घेऊन आल्या, क्षणभर त्याही तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता काय बघताय, जावयबापू? बघायची वेळ होती तेव्हा डोळे मिटून ओकत होतात."