बायची पाठ

"तुझं गाव कुठलं गं?" असं विचारलं की बाय उलट मलाच विचारायची, "कुठलं सांगू, ताई? धरणात बुडालेलं, की पुनर्वसनातलं पत्र्याचं?" आमच्या लंडनच्या स्टॅनमोरमध्ये कोथरूड आणि ठाणे एवढीच उत्तरं ऐकायची सवय. मी आपली चहा टाकायला उठायची.

बाय डहाणूकडची वारली मुलगी. लंडनला डान्समध्ये एमए केलं आणि शनिवारी आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये मुलींना शिकवायला यायची. खरं नाव वेगळंच, पण तिकडं मुलींना बाय म्हणतात म्हणून आम्हीही बायच म्हणायचो.

तिचा स्वतःचा एक कंटेम्पररी पीस होता, बुडालेल्या गावावरचा. हॉलच्या मधोमध स्टुलावर स्पीकर, त्यातून तारपा, म्हणजे दुधीचं ते लांबलचक वाद्य, वाजायचा आणि ही गुडघे वाकवून त्याच्याभोवती फिरायची. मध्येच थांबून जमिनीला हात लावायची. माझी इरा विचारायची, "आई, या डान्सची स्टोरी काय आहे?" मी म्हणायची, "मला तरी कुठं कळलीय! गप बघ."

व्हिसा संपत आला होता. एका डान्स कंपनीची माणसं हा पीस बघायला येणार होती. आवडला तर नोकरी, नाहीतर बाय परत. साउंड माझ्याकडे. त्या दिवशी हॉलच्या स्टेजवर ऐन मध्यावर तो कळकट स्पीकर मला बघवेना, म्हणून मी हौसेनं तो मागच्या काळ्या पडद्याआड ठेवला. बायला सांगायचं मात्र राहून गेलं.

बाय आली. तारपा मागून सुरू झाला. ती थबकली, वळली आणि शेवटपर्यंत पडद्याकडे तोंड करून नाचली. मी विंगेतून हातवारे करतेय, "अगं, इकडे बघ, इकडे!" पुढच्या रांगेतली पाहुणेमंडळी एकमेकांकडे बघतायत. माझा नुसता संताप संताप झाला. नाच संपताच मी तिला विंगेत गाठलं.

"डोकं फिरलं का गं तुझं? लोकांना पाठ कसली दाखवतेस?"

"तारप्याला पाठ करून आमच्यात कुणी नाचत नाही, ताई. आणि या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा माझा बाप आहे. मी इथं असताना गेला. तोंडही बघायला मिळालं नाही."

आणि मी समजत होते, पोरीनं ते वाजवणं इंटरनेटवरून उचललंय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी कंपनीची ईमेल आली. पीस चांगला आहे, पण प्रेक्षकांशी नातं जुळत नाही म्हणे.

हीथ्रोवर मीच रडत होते आणि तीच मला समजावत होती. "अहो ताई, पुरे आता. बाप मध्ये वाजत असला की त्याच्या मागं लोकही दिसायचे. त्या दिवशी तो एकटाच समोर होता. बरं वाटलं मला."

हे मला माफ करणं होतं की थँक्यू म्हणणं, देव जाणे. रोज एक अर्थ लावते, रोज पुसते. स्पीकर मी जागचा हलवला नसता तर बाय आज इथं असती, एवढंच काय ते मला नीट कळतं.