सव्वा महिना बिनब्रशचा

“ही दाढ काढावीच लागेल. आणखी पाच दात किडलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सत्तावीस वर्षांची, दुसऱ्यांदा गरोदर, पाचवा महिना. गाल टम्म सुजलेला. सोबत आलेल्या आईला या बातमीचा जराही धक्का बसला नाही. मला आधी त्याचाच राग आला.

आजाराचं नाव डेंटल कॅरीज, म्हणजे आपली दातांची कीड. माझ्या दाढेत ती मुळापर्यंत गेली होती आणि खाली अ‍ॅब्सेस, म्हणजे पू साचला होता.

पहिल्या बाळंतपणात दात घासत होतात का, असं त्यांनी विचारलं. कुठले घासते! बाळंतपणाला मी आर्वीला माहेरी होते. दिवसभर डिंकाचे लाडू नाहीतर गुळाचा शिरा. ब्रश आईने उचलून कपाटावर ठेवला. “बाळंतिणीचे दात कच्चे असतात, घासू नाई. नुसती चूळ भरजो.” मी बी.एस्सी. झालेली बाई, सव्वा महिना मुकाट चुळा भरत राहिले. तो गाढवपणा माझाच. पुढे दाढ ठणकायला लागली, तर नवऱ्याने लवंगेवर भागवलं.

“पाचव्या महिन्यात दाढ काढता येते. पू तसाच ठेवणं जास्त धोक्याचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशीही त्या फोनवर बोलल्या.

“पोटात लेकरू हाय, सुई कायले टोचता?” आई त्यांच्यावरच उखडली. मी नवऱ्याला फोन लावला. “आई नको म्हणून राह्यल्या तं थांब ना,” तो म्हणाला. स्वतःची दाढ दुखली की हा त्याच दिवशी दवाखाना गाठतो.

मी फोन ठेवला आणि कागदावर सही केली. अर्ध्या तासात दाढ बाहेर. दोन दिवसांत सूज उतरली. सोनोग्राफीत बाळ ठणठणीत निघालं.

परत जाताना ऑटोत आईला विचारलं, “तुहे दात कवा गेले?”

“तू झाली ना, त्याच्यानंतर हालाले लागले. तिशीत कवळी बसवली.”

“तवा तरी घासत होती का?”

“कोन घासू दे?”

मला तिचा कळवळा यायला हवा होता. आला नाही. स्वतःचे दात गेले, तरी हिने माझ्यावर तेच लादलं.

बायांनो, उलटी झाली की लगेच चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने करा. बाळंतपणातही दोन वेळा दात घासा. गरोदरपणात दाढ दुखली तर ताबडतोब दाखवा. घरचे अडवतील. भांडा.

त्या डॉक्टरीणबाईंचे मी मनापासून आभार मानते. घरात आभार मानावेत असं कोणी नाही.

परवा आईचा फोन आला. “सातवा लागला, घ्याले येऊ का?”

“नको. मी इथंच पिपरीले, आपल्या घरी राह्यतो.”

“माह्या हातचं बाळंतपण नको म्हणतं तू?”

“हो,” मी म्हणाले. “तुह्याच हातचं नको.”