उंच पडदे

ज्या काकांनी मला सतार शिकवली, त्यांच्या सतारीचे तारेखालचे पितळी पडदे झिजले. शुक्रवार पेठेत मी तेव्हा वाद्यदुरुस्तीचं दुकान नुकतंच काढलं होतं. "होते तसेच बसव," एवढं सांगून ते सतार ठेवून गेले. जुने पडदे बारीक आणि बुटके होते. मी न विचारता जाड, उंच बसवले. त्यांवर मींड सहज खेचता येते, काका खूश होतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीच्या देवळात काका वाजवायला बसले. बोट जुन्या सवयीनं जोरात दाबलं गेलं, उंच पडद्यावर तार जास्त ताणली गेली आणि सूर चढा लागला. त्यांनी खुंटी पिळली. पुन्हा चढाच.

"काका, सतार चढली का भांग?" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

काकांना जवळचं नीट दिसत नसे. त्यांनी मला विचारलं, "पडदे जुन्याच मापाचे हायत न्हवं?"

"बोट हलकं ठेवा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सगळी पेठ ऐकत होती.

"व्हय काका," मी म्हणालो.

"मग माझा हातच गेला म्हणायचा." त्यांनी सतारीला गवसणी घातली.

सकाळी त्यांच्या घरी जाऊन मी सगळं कबूल केलं. जुने पडदे तांबटाकडे वितळून गेले होते, दाखवायला हाती काही नव्हतं. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नगंस," ते म्हणाले.

ती गवसणी त्यांनी पुन्हा काढली नाही.