पावसाविना गळणारं छप्पर

दिघ्याच्या अंकुश वाघमारेला साइटवर सगळे ‘कामून’ म्हणत. हिंगोलीकडून विशीत इकडे आला, लोखंडी सांगाड्याच्या शेड उभारायच्या कामाला लागला, त्याला सव्वीस वर्षं झाली. तरी नवीन काही दिसलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच, गावाकडचा ‘का’, निघे. पत्र्यावर पत्रा चढवायचा तो याच बाजूने कामून? मुकादम वैतागे, पण काम चोख, म्हणून चालवून घेई.

गेल्या जानेवारीत द्रोणागिरीच्या एका नव्या गोदामाची तक्रार आली. आभाळात ढग नाही, आणि रोज सकाळी छपरातून पाणी ठिबकतंय, खालची खोकी भिजताहेत. गोदाम अंकुशच्याच टोळीने उभारलेलं. साइट इंजिनिअर क्षिप्रा पाटणकरने दोनदा सगळे स्क्रू सिलिकॉनने बंद करून घेतले. पाणी थांबेना.

“मॅडम, पाऊसच नाय, तर भोकातून येनार काय?” अंकुश म्हणाला.

“दव उतरत असेल.”

“असंल. उद्या लवकर येऊन बगू का?”

त्या संध्याकाळी त्याने गळणाऱ्या भागावर ताडपत्री बांधली. सकाळी सहाला कमरेला सुरक्षेचा पट्टा अडकवून वर चढला. ताडपत्री दवाने ओलीचिंब, पण तिच्याखालचा पत्रा कोरडा. आत आला तर पाणी तिथंच ठिबकत होतं. माणूस वर उचलणाऱ्या लिफ्टवर उभं राहून त्याने पत्र्याला खालून हात लावला. कपाळाला घाम फुटावा तसे बारीक थेंब दाटले होते. पलीकडच्या अर्ध्या छपराला मात्र ओलही नव्हती.

हा अर्धाच कामून?

तो खाली उतरून फिरू लागला. खोक्यांच्या बाजूला ओल्या लाकडाच्या फळ्यांची थप्पी होती. मध्ये हात घातला तर दमट ऊब लागली. वाफ इथून उठते, हे कळलं. पण ती बाहेर जावी म्हणून तर छपराच्या माथ्यावर, मोभावर, वाऱ्याने फिरणारे चार पंखे बसवले होते. तो पुन्हा वर गेला. दोन फिरत होते. या बाजूचे दोन गप्प. त्यांना पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून वर तार आवळलेली.

तारेचा पीळ त्याने ओळखला. मे महिन्यात रंग मारताना आत शिंतोडे नकोत म्हणून त्यानेच ते बांधलं होतं. सोडायचं राहून गेलं.

वर दुसरं कोणी नव्हतं. प्लास्टिक कापून खिशात घातलं असतं तर विषय तिथंच संपला असता. त्याने मात्र क्षिप्राला फोन करून वर बोलावलं.

“हे मीच बांधलंय, मॅडम.”

तिने वाकून तारेचा पीळ पाहिला. “वर न चढताच तपासणीवर सही मी केली, अंकुशभाऊ,” ती म्हणाली. “कापा आता.”

तिसऱ्या दिवशी छप्पर कोरडं झालं. क्षिप्राने गोदामाच्या मालकाला खरं ते लिहून कळवलं. तो चिडला, चार शब्द बोलला, आणि फळ्या दाराशी, वाऱ्याला हलवल्या. तेव्हापासून शेड ताब्यात देण्याआधी अंकुशने ती वरखाली बघायची असं ठरलं.

परवा दुपारी उलव्याच्या साइटवर सगळे जेवायला गेले, तरी तो एका खांबाला कान लावून उभा होता.

“काय ऐकताय?” क्षिप्राने विचारलं.

“उन्हानं पत्रा कडकड वाजतोय. ऊन पच्छिमेला गेलंय, पन आवाज पयला पूर्वेकडून येतो.”

“का?”

“तेच बगतोय.”

तिने हेल्मेट काढलं आणि शेजारच्या खांबाला कान लावला.