जाताना उडत, येताना पोहत

बाइंडरकाकांचा एकच तोरा होता: चाळीस वर्षांत आपल्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही. गिऱ्हाईक पानं मोजायला लागलं की ते म्हणत, "मोजा, मोजा. तुमचाच वेळ जाईल."

पत्र्याच्या घोड्याची ती जुनी, तीन पिढ्यांनी वाचलेली गोष्ट त्यांनी नातीसाठी रद्दीतून उचलली होती. शिलाई सुटलेली, खालच्या कडा कसरीने खाल्लेल्या. पानांचे आकडेही त्यातच गेले होते. काकांनी कडा कापल्या, सोळा-सोळा पानांचे फर्मे जुळवून शिवले आणि वर लाल कापडी पुठ्ठा चढवला. नातीला ती गोष्ट तोंडपाठ होती. म्हणून त्याच गोष्टीवरच्या सिनेमाचा दुसरा भाग लागताच रविवारी पहिल्या खेळाला आजोबा-नात हजर.

पडद्यावर वादळ झालं. घरून निघालेल्या घोड्याचे पंख गळाले आणि त्याने समुद्रात उडी घेतली.

"आजोबा, चुकलं!" नात उभीच राहिली. "तो जाताना उडतो! पोहतो येताना!"

"सिनेमावाले आहेत, त्यांना कोण विचारतो? पुस्तक आपल्या घरी आहे," काका सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवरच्या एक शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पुस्तकातही तो पोहतच जातो. मी दरवर्षी वर्गात वाचते."

"बाई, आमचं पुस्तक मी स्वतः बांधलंय."

"म्हणूनच म्हणते, एकदा बघून घ्या."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांचं पडद्यावरचं लक्ष उडालं. नातीने एकदा विचारलं होतं, येताना पंख नव्हते, मग घोडा घराच्या छपरावर उतरला कसा? 'गोष्टीतला घोडा आहे, उतरतो,' असं त्यांनी ठोकून दिलं होतं. आता पडद्यावर तोच घोडा नवे पंख लावून परत आला आणि ऐटीत छपरावर उतरला.

घरी येताच काकांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं. आठवा फर्मा नव्या प्रकरणाने सुरू होत होता, नववाही. त्यांनी नुसत्या प्रकरणांच्या सुरुवाती बघून जुळणी केली होती, मजकूर वाचला नव्हता. नववा आठव्याच्या आधी जाऊन बसला होता.

"कुणाचं चुकलं, आजोबा?"

"माझं."

"पण मी अख्ख्या वर्गाला सांगितलंय, तो जाताना उडतो म्हणून."

"मग उद्या वर्गाला सांग, आमच्या आजोबांचं चुकलं."

"सगळे हसतील की तुम्हाला!"

"हसू देत. ज्याला बांधता येतं, त्याला सोडताही येतं." काकांनी पुस्तक पालथं घातलं, पुठ्ठा सोडवला आणि आपल्याच हातचा दोरा कापला.