गुरूचा रकाना

विहिरीवरची मोटार जळाली, ती घेऊन तुम्ही नळदुर्गात हायवेकडंच्या दुकानात गेलात आणि तांब्याच्या तारेच्या ढिगात एक बाई बसलेली दिसली, तर पहिलं काय विचारता? "मालक कुठायत?" खोटं बोलू नका, हेच विचारता.

त्या बाईचे, शिवकांताचे, मालक गौरीशंकर वारून, लिंगैक्य होऊन सहा वर्षं झाली. तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी विचारतंच. ती मान वर न करता म्हणते, "मालक न्हाईत. मोटार ठिवा." मग दिवसभर बोलायला समोर मोटारच.

मोटारी भरायला, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायला, परवान्याची गरज पडत नाही. पण पंचायतीच्या विहिरीवर मोटार जोडायचं काम तिला मिळतंय, त्याला वायरमनचा परवाना हवा. पूर्वी साहेबापुढं काम करून दाखवलं की भागायचं. आता नियम बदलला. अर्ज ऑनलाइन, आणि काम येतं असं लिहून देणाऱ्या परवानाधारक मार्गदर्शकाची सही सक्तीची. नियम करणाऱ्यानं जन्मात जळकी मोटार उघडली नसावी.

सेतू केंद्रातल्या रुद्रेशनं अर्ज भरताना 'मार्गदर्शक' हा शब्द सोपा करून विचारलं, "काकू, तुमचे गुरू कोण?"

लिंगायताच्या घरातल्या बाईला हे उत्तर झोपेतही येतं. लहानपणी ज्यांनी गळ्यात लिंग बांधलं ते. "पंचाक्षरी स्वामी," ती म्हणाली. यानंही टाइप केलं.

पंधरा दिवसांनी अर्ज माघारी: 'पंचाक्षरी स्वामी यांचा परवाना क्रमांक जोडावा.'

रुद्रेश हसून बेजार. "काकू, स्वामी मोटारी भरतेत व्हय?"

"तू गुरू इचारलास, म्या गुरू सांगितले." तीही हसली, लई दिवसांनी.

"आवं, काम कुणी शिकवलं?"

"आमच्या मालकांनी."

"मग त्यांची सही..." रुद्रेशनं स्वामींचं नाव पुसून रकाना कोरा केला.

सहीसाठी ती श्रीमंत नावाच्या ठेकेदाराकडं गेली. त्याच्याकडं परवाना आहे, आणि त्याच्या जळक्या मोटारी सहा वर्षं हीच भरते. "वहिनी, तुमच्या हाताला तोड न्हाय," तो म्हणाला, "पण बाईमाणूस. उद्या करंट बसला तर लोक माझं नाव घेतील." वर चहा मागवला. चहा काय अर्जाला जोडायचाय? तिनं कप तसाच ठेवला आणि दुकानात येऊन त्याचीच मोटार भरायला घेतली.

तारेचे वेढे मोजताना गौरीशंकर मोठ्यानं आकडा म्हणायचे, मागून ती म्हणायची, म्हणजे चूक होत नाही. आता प्रत्येक आकडा ती एकटीच दोनदा म्हणते.

महिनाअखेरपर्यंत अर्ज गेला नाही तर पंचायतीचं काम दुसऱ्याला जाईल. तो रकाना अजून कोरा आहे. तुमच्यापैकी कुणाकडं परवाना असेल तर नळदुर्गला जा, चार दिवस तिच्यासमोर बसून तिचं काम बघा, आणि पटलं तर सही करा. फक्त आत शिरताना मालक कुठायत म्हणून विचारू नका.