उताराला लावलेली गाडी

साताऱ्याच्या उतारांची माझ्या पत्नीच्या मामांइतकी खोल जाण वाहत्या पाण्यालाही नसेल. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी एक जुनी, शेंदरी रंगाची मोटार घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा स्टार्टर स्वतः काढून, मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला. "आवं जावईबापू, बॅटरी खाणारं हे जनावर कशाला पोसायचं? उतार फुकट हाय न्हवं?" असे त्यांनी मला समजावले. गाडी उतारावर लावायची, निघताना हँडब्रेक सोडायचा, ती घरंगळू लागली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, ही त्यांची रीत. मी चाळिशी उलटल्यावर मोटार शिकलो तो त्यांच्याच हाताखाली. किल्ली फिरवूनही गाडी सुरू होते, हे मला फार उशिरा कळले.

मामांचे वाणी, स्नेही आणि पेट्रोल पंप हे सारे केवळ चढावर असल्यामुळे निवडले गेले होते. इतकी वर्षे औषध देणाऱ्या डॉक्टरांना, त्यांनी दवाखाना सपाटीला नेला एवढ्याच अपराधाबद्दल, मामांनी सोडून दिले. गाडीला ट्रॅक्टरचा भोंगा होता, सीटवर घोंगडी होती आणि डिकीत चाकाला लावायचा एक दगड होता, जो त्यांनी खास माणच्या माळावरून निवडून आणला होता. साताऱ्याचे दगड आयत्या वेळी सरकतात, असा त्यांचा आरोप होता. दर रविवारी ते गाडीखाली शिरत, आणि आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या तळपायांशी बोलावे लागे. "मला बघायला आलं तवा ह्यांच्याकडं गाडी नव्हती म्हणून बरं," मामी म्हणत, "आमचं म्हायेरचं घर सपाटीला हाय."

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण मामांची एकुलती एक मुलगी, नंदा, सांगलीत दिली होती, आणि सांगली तळहातासारखी सपाट. साखरपुड्याच्या दिवशी सांगलीहून परत निघताना फेटे बांधलेल्या व्याह्यांनी आणि त्यांच्या भावांनी भर रस्त्यात मामांच्या गाडीला धक्का मारला होता. लोक पोट धरून हसले. मामा काचेतून समोर पाहत राहिले. त्यानंतर ते लेकीच्या घरी गेले नाहीत. एसटीने जा म्हटले, तर "दारात गाडी असताना?" स्टार्टर बसवा म्हटले, तर "म्हंजे माझंच चुकलं म्हणा की!" मामी एकट्याच जाऊन येत. त्या डिकीतल्या दगडाइतकाच अढळ असा हा हट्ट होता, आणि त्याची किंमत मुलगी मोजत होती.

मग नंदाने नवे घर बांधले. वास्तुशांतीच्या आधी मी कामानिमित्त सांगलीस गेलो, तेव्हा तिने मला फाटकाबाहेर नेले. तिथे मुरूम टाकून, रोलर फिरवून एक लांबट उंचवटा केलेला होता.

"दाजी, आप्पांना एवढंच सांगा," ती म्हणाली, "लेकीनं उतार केलाय."

निरोप ऐकून मामा बराच वेळ गाडीखालून बाहेर आले नाहीत.

वास्तुशांतीला शेंदरी गाडी आली. मामांनी ती उंचवट्यावर चढवली, दगड लावला आणि एक डोळा मिटून उतार न्याहाळला. "जरा कमी पडतोय गं," ते म्हणाले.

निघताना हँडब्रेक सुटला, गाडी घरंगळली, खाली गेली आणि सुरू न होताच थांबली. कोणी हसले नाही. तेवढ्यात व्याही बाह्या सरसावत पुढे आले. "बसा पाव्हणं, बसा. आमाला सवय हाय!" मामांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्या रस्त्यावर त्या दिवशी सर्वांत मोठ्याने मामाच हसले.

आता मामा नाहीत; गाडीही भंगारात गेली. शेजारी कुरकुरतात, पण नंदा तो उंचवटा काढू देत नाही. मी सांगलीला गेलो की माझी गाडी तिथेच लावतो. तिचा स्टार्टर ठणठणीत आहे. तरीही निघताना मी हात किल्लीकडे नेत नाही, हँडब्रेक सोडतो. गाडी हळूहळू खाली येते आणि थांबते. फाटकाशी उभी असलेली नंदा दर वेळी म्हणते, "आप्पांचं खरं होतं, दाजी. जरा कमीच पडतोय."